पामचा कोट

शपथेवर सांगते, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर माझ्या तोंडात उरलेली एकुलती एक दाढ आत्ता, या क्षणी, चहाच्या कपात पडो. पडली? नाही ना. मग पुढे ऐका, आणि मध्येमध्ये "आजी, काहीतरीच" असं म्हणू नका. काहीतरीच घडतं म्हणून तर सांगावंसं वाटतं. घडायचं तेच घडलं, तर तोंड कशाला शिणवायचं?

माझा मोठा भाऊ शिंपी होता. मी त्याला दादा म्हणायची, आणि अख्खी गल्ली त्याला परवामास्तर म्हणायची. बाकीचे शिंपी गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणतात. दादा म्हणायचा, "उद्या म्हटलं की माणसं खरंच येतात. परवा म्हटलं की निम्मी विसरतात." पण हात असा, की विसरलेली माणसंसुद्धा चार महिन्यांनी येऊन हात जोडायची. आणि नजर तर विचारू नका. गिऱ्हाईक उंबरा ओलांडून आत येईपर्यंत दादाने त्याची छाती, कंबर, बाही डोळ्यांनीच मोजलेली असायची. टेप लावायचा तो आपला समोरच्याचं समाधान म्हणून. एका बाईंना दिवस गेलेत हे डॉक्टरच्या आधी दादाने ओळखलं, निव्वळ कंबरेवरून. जुळं आहे हेही. त्यातला एक मुलगा डावखुरा निघेल असं म्हणाला होता, तो निघाला. आता हसताय ना? हसा.

माझं लग्न गल्लीतच झालेलं, समोरच्या घरात. माहेरी जायला फक्त रस्ता ओलांडायचा. त्यामुळे सकाळची भांडी झाली की मी दादाच्या दुकानात काजं करायला बसायची. काजं म्हणजे बटणांची भोकं, हो. माझ्या हातचं काज असं की बटण आपण होऊन आत जायचं. मागे घर, पुढे दुकान, आणि दुकानाच्या बाजूला सतरंजीएवढं अंगण. त्या अंगणात वहिनीचा पाम.

वहिनी समुद्राकाठच्या गावची. तिकडे थंडी म्हणजे काय, तर पहाटे चादर ओढून घ्यायची, बस. आमच्याकडे थंडी म्हणजे थंडी. तुम्हाला अंदाज यावा म्हणून सांगते, एकदा मी ह्यांचा पायजमा सदरा दोरीवर वाळत घातला आणि विसरले. संध्याकाळी काढायला गेले तर दोन्ही फळीसारखे कडक. मी उचलून आणले आणि दाराशी भिंतीला टेकवून उभे केले. शेजारीण कुलपाची किल्ली द्यायला आली, पायजम्याकडे बघून म्हणाली, "भावजी, किल्ली तुमच्याकडे ठेवते हं," आणि सदऱ्याच्या खिशात किल्ली टाकून गेली. घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, समोरचे फार शिष्ट झालेत, बोललेसुद्धा नाहीत.

तर अशा गावात वहिनी लग्न होऊन आली, ती एका डब्यात बोटाएवढं रोप घेऊन. पाम. तिकडे म्हणे तिच्या अंगणात रांगच होती. सगळ्यांनी सांगितलं, इथे जगायचा नाही. ती म्हणाली, "मी जगले तर तोही जगेल." आणि जगला की. बुंध्यावर काथ्यासारखे केस, वर हाताच्या पंजासारखी पानं, आणि उंची वाढत वाढत दुकानाच्या पाटीच्या वर गेली. पाटीवर दादाचं नाव होतं, ते पामच्या पानामागे झाकलं जायचं. दादाला त्याचा राग नव्हता. उलट कुणी पत्ता विचारला की सांगायचा, पाम दिसला की समजा आलात.

थंडी पडायच्या आधी वहिनी शिडी लावायची. सगळी पानं वर गोळा करून सुतळीने बांधायची, आपण केसांचा अंबाडा घालतो तशी. बुंध्याला गोणपाट गुंडाळायची, मुळाशी वाळका पाला गुडघाभर. आणि डोक्यावर चार काटक्या रोवून त्यावर एक घमेलं उपडं घालायची. पाऊस, बर्फ आत जाऊ नये, पण बाजूने वारा खेळावा. मग दुपारी जरा ऊन पडलं की परत शिडी. घमेलं काढ, गोणपाट सैल कर, ऊन उतरलं की परत बांध. अख्खी थंडी ही बाई शिडीवर. खाली उतरली की हात चोळत, खोकत आत यायची.

मी एकदा म्हटलं, "वहिनी, बांधलंस ना एकदा, राहू दे की. रोज काय उघडायचं?"

"अगं, पामला जीव एकच असतो," ती म्हणाली. "मधला कोंब. बाकीच्या झाडांची फांदी मोडली तर दुसरी फुटते. याचा कोंब गेला की खेळ संपला. आणि तो थंडीने जात नाही एवढ्यात. ओल साठली की कुजतो. थंडी सोसेल, ओल नाही सोसायचा." आणि मग मशिनकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणाली, "ऐकताय ना?"

दादाचं मशिन चालू होतं. त्याने मान हलवली. नवरे हलवतात ना, तशी.

आता त्या कापडाचं सांगते. लग्नाच्या पहिल्याच थंडीत वहिनी काकडून गेली, तेव्हा दादाने तिच्या कोटासाठी लोकरीचं कापड आणलं. पिकल्या जांभळाच्या रंगाचं. असं मऊ, की हात ठेवला तर हाताला झोप लागायची. सगळ्या गल्लीला दाखवलं, दुकानातल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलं, आणि म्हणाला, "परवा घेतो कापायला."

हातातलं गिऱ्हाइकाचं झालं की तुझा, असं दर वर्षी. गिऱ्हाइकं काय संपतात? वहिनी आपली दोन साड्यांवर दादाचाच जुना स्वेटर घालून वावरायची, कोपरावर फाटलेला. आणि दर वर्षी कपाट आवरताना ती ते कापड खाली काढायची, उन्हात झटकायची, घडी बदलायची, नव्या डांबरगोळ्या घालायची आणि परत वर ठेवायची. स्वतःच्या न शिवलेल्या कोटाला कसर लागू नये म्हणून. मी बघायची. ती काही बोलायची नाही, म्हणून मीही नाही.

मग त्या वर्षी तो कुत्रा आला.

कोपऱ्यावरच्या दातवाल्या डॉक्टरांचा. वीतभर कुत्रा, पाय काड्यांसारखे, आणि सारखा थडथडायचा. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, याला एखादा कोट बसेल का हो?" दादाने तो कुत्रा कापायच्या टेबलावर उभा केला, माप घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाला, "बसा. देतो आत्ताच." आणि दिला की हो. अस्तरासकट. पोटाखाली दोन बटणं, काजं माझी. कुत्रा आरशात स्वतःला बघून घरी जायला तयार होईना. डॉक्टर त्याला उचलून नेत होते तरी तो आरशाकडे मान वळवून बघत होता.

वहिनी चहाचे कप घेऊन मधल्या दारात उभी होती. तिने सगळं बघितलं. कुत्रा गेल्यावर म्हणाली, "कुत्र्याचं परवा आजच उजाडलं वाटतं."

दादा हसला. म्हणाला, "अगं, मुका जीव. थंडी वाजते म्हणून सांगू शकत नाही बिचारा."

"मी सांगू शकते," वहिनी म्हणाली. "हेच चुकलं माझं."

कप टेबलावर ठेवले आणि आत गेली. दोन दिवसांनी तिची पेटी भरलेली होती. धाकट्या बहिणीकडे जाते म्हणाली, समुद्राकाठच्या गावी. खोकला बरा होईल. दादाला वाटलं, बरं आहे, हवापालट. तो तिची पेटी घेऊन फाटकापर्यंत आला. मी होते तिथे. वहिनी पामपाशी थांबली, त्याच्या बुंध्यावर हात फिरवला, आणि दादाकडे न बघता म्हणाली, "थंडी सरली की येईन. हा जिवंत असला तर राहीन. नसला तर उरलेलं सामान घेऊन जाईन."

दादा म्हणाला, "आता हे काय खूळ?"

"खूळ नाही. याला मी रोज विचारलं, बाबा रे, थंडी वाजते का. मला या घरात कुणी विचारलं नाही. बघू, तुम्हाला एकाला तरी विचारता येतं का."

रिक्षा गेली. दादा तिथेच उभा. मग मला म्हणाला, "रागात बोलली. दोन दिवसांनी येईल." मी म्हटलं, "परवा म्हण ना." तो पाठ फिरवून आत गेला. एरवी माझ्या डोक्यात टपली मारली असती.

आठवडाभर त्याचं कामात लक्ष लागेना. एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. एका पँटीचा खिसा आतून शिवून बंद करून टाकला, गिऱ्हाईक आठ दिवस चिल्लर शोधत होतं. मग एक दिवस सकाळी मी दुकानात गेले तर दादा अंगणात, शिडीवर. गळ्यात टेप. पामचं माप घेत होता.

"दादा, काय चाललंय?"

"गोणपाट कसलं लावायचं झाडाला? भिकाऱ्यासारखं दिसतं. याला कोट शिवतो." आणि पामला म्हणाला, "ताठ उभे राहा साहेब. श्वास रोखू नका, मग कोट घट्ट होतो."

मला बरं वाटलं खरं तर. माणसात आला म्हटलं. पण आत आले आणि बघते तर कापायच्या टेबलावर ते जांभळं कापड पसरलेलं. खडूच्या रेघा मारून तयार.

"दादा, हे वहिनीचं आहे."

"हो. तिच्याच झाडाला जातंय ना? दुसऱ्या कुणाला देतोय का?"

"तिचा कोट?"

"होईल. तिच्यासाठी दुसरं आणतो, याहून भारी. पण आधी हा जगला पाहिजे. ती आली, फाटकातून बघितलं, की आपलं कापड, आपलं झाड... तिला बोलायला शब्द सापडायचा नाही, बघ तू." त्याचे डोळे असे चमकत होते, की मी पुढे काय बोलणार? मी एवढंच म्हटलं, निदान पट्टी पाडून दे, मी काजं करते. वरपासून खालपर्यंत बटणं लाव, म्हणजे ऊन पडलं की उघडता येईल. वहिनी रोज उघडायची.

दादा माझ्याकडे असा बघायला लागला, जसं मी त्याला तोंडाने कापड फाडायला सांगितलं.

"काज म्हणजे काय गं?"

"काज म्हणजे काज."

"काज म्हणजे भोक. भोकातून वारा जातो. एवढा कोट शिवायचा आणि त्याला वीस भोकं पाडायची? अंगावरच शिवून टाकणार मी. आतली शिवण. टाका दिसणार नाही, वारा शिरणार नाही."

"अरे, वहिनी म्हणायची, ओल..."

"लोकर आहे ती. तुझ्या वहिनीला झाडाचं कळतं ते मान्य. कपड्याचं मला कळतं."

मी आयुष्यभर भोकंच केली होती आणि त्यांचा एवढा अपमान कुणी केला नव्हता. मी सुई खोचली आणि घरी निघून गेले.

पण कोट... काय सांगू तुम्हाला. तसा कोट त्याने आधी कधी शिवला नाही आणि नंतरही नाही. आतून साटिनचं अस्तर. मध्ये कापसाचा थर, हाताने टाचलेला. गळ्याशी कॉलर. वर पानांच्या अंबाड्याला रेनकोटच्या कापडाची टोपी, तीही कोटाला शिवून टाकलेली, पाण्याचा थेंब जाणार नाही अशी. आणि आतला खिसा. मी विचारलं, झाडाला आतला खिसा कशाला? म्हणाला, "कोटाला आतला खिसा असतोच."

दिवसभर शिडीवर उभं राहून त्याने तो पामच्या अंगावर शिवला. शेवटचा टाका दातांनी तोडला आणि खाली उतरून रस्त्याच्या पलीकडे, आमच्या ओट्यावर जाऊन बघत बसला. मी चहा दिला. तो तसाच गार झाला.

गल्ली लोटली बघायला. मग बाहेरगावची माणसं यायला लागली. एक गृहस्थ तर रात्रीच्या गाडीने आले होते, चष्मा घरी विसरून. पामपाशी गेले आणि म्हणाले, "साहेब, शिंपी कोण आपला?" पाम बोलेना, तसे ओशाळून म्हणाले, "मोठी माणसं सांगत नाहीत." दातवाल्या डॉक्टरांच्या कुत्र्याने त्या कोटाचा कधी पाय वर करून अपमान केला नाही. शिंपी एक आहे हे त्याला कळलं असावं.

दर रविवारी वहिनीचा फोन यायचा, दुकानात. दादा आधी घसा खाकरायचा, मग उचलायचा.

"खोकला कसा आहे?"

"बरा आहे. पाम?"

"झकास."

"बांधलात?"

"बांधला म्हणजे काय... तू बघशीलच."

"ऊन पडलं की उघडता ना वरून?"

इथे दादा थांबला. मी काज करता करता मान वर केली. तो माझ्याकडे पाठ करून उभा होता, फोनची वायर बोटाला गुंडाळत.

"उघडतो," तो म्हणाला.

"रोज?"

"ऊन असलं की."

"बरं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज मला इतक्या लांबून ऐकू यायचा, आमच्याकडचे फोन तेव्हा असे होते की पलीकडचं माणूस बोललं तर इकडे थुंकी उडायची. "बरं" असं म्हणाली, आणि त्या "बरं"मध्ये ती जरा मऊ झाली होती. मला तरी तसं वाटलं. दादालाही वाटलं असणार, कारण फोन ठेवून तो शीळ घालायला लागला.

मी म्हटलं, "खोटं का बोललास?"

"एवढ्याशाने काय होतंय? तिला जिवाला घोर नको. आली की बघेल."

"पुढच्या रविवारी सांगून टाक, शिवून टाकलाय म्हणून. विचार तिला, चालेल का."

"पुढच्या रविवारी बघू," दादा म्हणाला.

पुढच्या रविवारीही तिने तेच विचारलं, त्यानेही तेच सांगितलं. मग त्याच्या पुढच्या. खोटं असंच असतं, पहिला टाका घालताना हात अडखळतो, मग शिवण आपली आपण धावत सुटते.

मध्येच चार दिवस छान ऊन पडलं. दुपारी बघते तर कोटातून वाफ निघत होती. खांद्यापासून वर, हळूहळू, चहाच्या कपासारखी. दादाने मला हाक मारून दाखवली. "बघ, ऊब कशी धरलीय." त्याचंही काय चुकलं म्हणा. शिंप्याला वाफ म्हणजे इस्त्री. ओल्या फडक्यातून वाफ निघाली की कापड बसतं, एवढंच त्याला आयुष्यभर ठाऊक. ती वाफ कुठून येतेय, झाडाच्याच अंगची ओल आत कोंडलीय, हे त्याच्या मनात आलं नाही. मग रात्री परत गोठायचं. मग परत ऊन.

थंडी सरत आली तसा आंबूस वास यायला लागला. मी म्हटलं, दादा, वास येतोय. तो शिडीवर चढला, हुंगलं, आणि खाली येऊन... ऐका आता. कॉलरपाशी दोन टाके उसवले, डांबरगोळ्या घेऊन परत वर गेला, आतल्या खिशात टाकल्या, आणि टाके परत घातले. कपड्याला वास आला तर माणूस काय करतो? डांबरगोळ्या घालतो.

वहिनी न कळवता आली. सकाळी मी रस्ता ओलांडत होते तर फाटकाशी ती उभी. तब्येत सुधारली होती, गाल भरले होते. मी हाक मारणार, तेवढ्यात बघितलं की ती पामकडे बघत नाहीये. ती कापडाकडे बघत होती. तिने फाटक उघडलं, जवळ गेली आणि हात ठेवला कोटावर. दोन बोटांनी कापड चिमटीत धरलं, आपण दुकानात धरून बघतो ना, तसं.

दादा धावत बाहेर आला. गळ्यात टेप, तोंडभर हसू. "कसा आहे?"

"हे माझं आहे," वहिनी म्हणाली.

"तुझंच. तुझ्याच पामला घातलं."

"छान शिवलाय," ती म्हणाली, आणि खरंच म्हणाली, टोमणा नव्हता. कापडावरून एकदा तळवा फिरवला. मग म्हणाली, "उघडा."

दादाचं हसू तिथेच राहिलं. "आत्ता? आधी चहा घे, प्रवासातून आलीस."

"उघडा. बटणं कुठे आहेत?"

"बटणं नाहीयेत."

"मग रोज कसा उघडत होतात?"

दादा गळ्यातला टेप बोटाला गुंडाळायला लागला. वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. तेवढ्यात तिला सगळं कळलं, आम्ही दोघांनी काही न सांगता.

दादा शिडी घेऊन आला, उसवणी घेऊन आला, आणि वरून एकेक टाका उसवायला लागला. बारीक टाके, त्याचेच. वेळ लागत होता. वहिनी खाली उभी. बऱ्याच वेळाने म्हणाली, "कापा."

"अगं, चांगलं कापड..."

"कापा."

जन्मभर कापड कापलेला माणूस. पण त्याची कात्री त्या दिवशी सरळ गेली नाही. वरून खाली आला तो, आणि कोट दोन्ही बाजूंना पडला. अस्तर काळं पडलेलं, कापसाचे ओले लगदे. वास असा आला की मी पदर नाकाला लावला. पानं बांधलेलीच होती, पण मऊ, शिजवल्यासारखी. दादा म्हणाला, "ऊन लागलं की सावरेल. पानं काय, परत येतात."

वहिनी शिडीवर चढली. पानं बाजूला केली, मधला कोंब दोन बोटांत धरला आणि अगदी हलकेच ओढला. तो आला की हातात. उदबत्ती तिच्या घरातून, खोचलेल्या भोकातून काढावी तसा. खालचं टोक तपकिरी, चिकट.

ती तो घेऊन खाली आली आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसली.

"थंडीने नाही गेला," ती म्हणाली.

"मला वाटलं..." दादा म्हणाला. "मी टाका पण दिसू दिला नाही."

"हो ना." तिने कोंब मांडीवर ठेवला. "एकदा फोनवर म्हणाला असतात ना, की शिवून टाकलाय, आता काय करू. मी मिळेल त्या गाडीने आले असते. झाड राहिलं असतं की नसतं, देव जाणे. मी आले असते."

"तुला दाखवायचं होतं."

"मला कुठे बघायचं होतं? मला विचारायला हवं होतं कुणीतरी."

चहा मीच केला. तिघं दुकानात बसून प्यायलो. वहिनीने कपाटाची वरची फळी बघितली, रिकामी, आणि तिथे उरलेल्या दोन डांबरगोळ्या उचलून माझ्या हातात दिल्या. मग तिने तिचं राहिलेलं सामान भरलं. फार नव्हतंच. दादा दारात उभा राहून बघत होता. शेवटी गळ्यातला टेप काढला आणि म्हणाला, "माप देतेस? कोटाचं."

वहिनीने पिशवी खाली ठेवली. दोन्ही हात जरा अंगापासून लांब धरले. त्याने खांदा मोजला, बाही मोजली, पाठ मोजली. सगळ्या गावाचं माप नजरेने सांगणारा माणूस, बायकोचं माप घेताना टेप दोनदा लावून बघत होता. ती त्याच्या डोक्यावरून बाहेर, अंगणात बघत होती. मग म्हणाली, "झालं?" तो म्हणाला, "झालं." आणि ती गेली.

पाम त्याने पाडला नाही. मेलेला बुंधा तसाच उभा होता, पुढे कधीतरी वादळात पडला. पत्ता सांगताना लोक बरीच वर्षं पामच सांगायचे. आणि एक झालं, त्या दिवसापासून दादाच्या तोंडून परवा हा शब्द कुणी ऐकला नाही. ज्याचं त्याला आजच्या आज. लोक म्हणायचे, मास्तर सुधारले. नाव मात्र परवामास्तरच राहिलं. तेवढ्यासाठी कोण बदलणार?

वहिनीचा कोट त्याने त्याच महिन्यात शिवला. नवं कापड, तसाच रंग मिळाला नाही, जरा काळपट होता. बटणं वरपासून खालपर्यंत. काजं माझ्याकडून करून घेतली, आणि प्रत्येक काज उजेडात धरून बघितलं. पार्सल स्वतः टपालात टाकून आला.

बरं, आता उठा, दिवे लावायची वेळ झाली.

काय? दाढ? आहे की जागेवर. थांब, हलवून नको बघूस. थोडी हलतेय, पण ती वयाने.

बरं बाबा. एक घातलं मी मनाचं. पायजम्याचं नव्हे, पायजमा खरा आहे. कुत्र्याचंही खरं. माप. दादा टेप घेऊन उभा राहिला होता, माप देतेस का म्हणाला होता, एवढं अगदी खरं. वहिनी म्हणाली, "असू दे आता, गाडी चुकेल," आणि पिशवी उचलून गेली. त्याने कोट शिवला तो अंदाजाने. पार्सल परत आलं नाही. बाही तिला पुरली का आखूड झाली, ते आम्हाला कधी कळलं नाही.